दिसणं ६/६, पडदा रक्ताळलेला : एका टेम्पोचालकाचं प्रकरण

ऑक्टोबरमधली कोरडी रात्र. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून टेम्पो कल्याणकडे निघालेला. माळशेज घाट उतरताना चालकाला समोरच्या काचेवर काळे शिंतोडे दिसले, म्हणून त्यांनी वायपर लावला. कोरड्या काचेवर रबर करकरलं, शिंतोडे होते तिथेच. पाण्याचा फवारा मारला, तरी तेच. मग त्यांच्या ध्यानात आलं की नजर डावीकडे नेली की शिंतोडेही मागोमाग डावीकडे सरकतात. घाट संपल्यावर एका चहाच्या टपरीपाशी त्यांनी गाडी कडेला घेतली, डावा डोळा झाकला, सगळं लख्ख. उजवा झाकला, आणि टपरीवरचा पेटलेला बल्ब दिसेनासा झाला.

माल वेळेत पोचवला, परत आले आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसले. "मॅडम, डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय बहुतेक. चष्मा बदलून द्या." सोबत त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी होत्या, हातात कागदांनी फुगलेली कॅरीबॅग.

हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

वय ४९, मधुमेह कळून ११ वर्षं झालेली. डाव्या डोळ्याने तीन मीटरवरची बोटं कशीबशी मोजता येत होती. उजवा डोळा मात्र ६/६, म्हणजे तक्त्यावरची नॉर्मल नजरेची ओळ. तक्त्याची ती ओळ त्यांनी न अडखळता वाचली आणि समाधानाने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब टाकायला सांगितले आणि अर्ध्या तासाने डोळ्याच्या आतला, मागचा पडदा (रेटिना) पाहिला.

डाव्या डोळ्यात रक्तस्राव झाला होता. पडद्यासमोरच्या पारदर्शक जेलीत रक्त पसरलेलं, त्यामुळे मागचं काही दिसत नव्हतं. सोनोग्राफी केली, पडदा जागेवर होता, सुटला नव्हता. एवढा दिलासा. त्यांची गोष्ट ऐकून डाव्या डोळ्यात साधारण हेच सापडेल असं वाटलं होतं. मला हादरा दिला तो उजव्या डोळ्याने, ज्याच्याबद्दल काही तक्रारच नव्हती. मज्जातंतू डोळ्यात शिरतो त्या चकतीवर सुताच्या गुंत्यासारख्या नव्या रक्तवाहिन्या उगवल्या होत्या. पडद्याच्या चारही भागांत रक्ताचे ठिपके, मधूनच कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे डाग, आणि शिरा कुठे फुगलेल्या कुठे आवळलेल्या, ओवलेल्या मण्यांसारख्या. मधुमेहाने पडदा बिघडण्याची ही शेवटची पायरी. डाव्या डोळ्यात वाहिनी फुटली तशी याच्यातही उद्या सकाळी फुटू शकली असती, आणि मग दोन्ही डोळ्यांपुढे अंधार.

तरी ६/६ कसं? अक्षरांचा तक्ता वाचायला पडद्याच्या मधला इवलासा भाग पुरतो, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा. त्यांच्या उजव्या डोळ्यातला तेवढाच भाग अजून कोरडा आणि शाबूत होता. भोवतालचा सगळा पडदा आजारी असला तरी तक्त्याला त्याचा पत्ता लागत नाही. पुढे जे सांगणार आहे त्याचं मूळ इथेच आहे.

त्यांना समजावताना मी ठिबकचं उदाहरण दिलं, कारण घरी थोडी शेती आहे. नळी जुनी झाली की जागोजागी पाझरते आणि काही ड्रिपर चोकअप होतात. पाझरते तिथे चिखल होतो, चोकअप होते तिथली रोपं सुकतात. डोळ्याच्या पडद्यात साखरेने हेच केलं. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत झाल्या, काही पाझरू लागल्या, काही बंद पडल्या. पाझर पडद्याच्या मध्यभागी झाला तर तिथे सूज येते आणि वाचन बिघडतं. ही सूज आजाराच्या कोणत्याही पायरीवर येऊ शकते. बंद पडलेल्या भागाला प्राणवायू मिळेना, की तो भाग एक रासायनिक हाक देतो, 'नव्या वाहिन्या पाठवा'. त्या येतात, पण कच्च्या. एक खोकला, एक जड क्रेट उचलणं, कधी कधी झोपेतली कूससुद्धा पुरते; वाहिनी फुटते. फुटेपर्यंत ना दुखतं, ना लाल होतं, ना धूसर दिसतं.

"म्हणजे हे कधीपासून होतं?" वहिनींनी विचारलं. मी त्यांच्या हातातली कॅरीबॅग मागून घेतली.

त्या पिशवीतले कागद मी तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. सर्वांत जुना अकरा वर्षांपूर्वीचा. पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं आणि साखर सापडली. ज्यांना मोठ्या वयात मधुमेह होतो, म्हणजे टाइप २, त्यांचा पडदा निदान झालं त्याच महिन्यात पाहायला हवा. हा आजार निदानाच्या आधी काही वर्षं गुपचूप चालू असतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक लोकांच्या पडद्यावर त्याच वेळी खुणा सापडल्या होत्या. बहुधा लहान वयात एकाएकी सुरू होणाऱ्या टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी चालते, कारण तिथे सुरुवात कधी झाली ते नेमकं ठाऊक असतं. पुढे दोघांनाही साधारण दरवर्षी.

तर त्या पहिल्या वर्षीच्या औषधाच्या चिठ्ठीवर खाली एक ओळ होती : 'आय चेकअप.' डॉक्टरांनी योग्य तेच लिहिलं होतं. टेम्पोचालक दादांनी ते पाळलंही. चष्म्याच्या दुकानात गेले, मशीनमध्ये हनुवटी टेकवली, जवळचा नंबर निघाला, चष्मा घेतला. पावती पिशवीत होती. त्यांच्या लेखी डोळे तपासून झाले होते.

यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे 'डोळे तपासणे' याचा अर्थच नंबर काढणे असा रुळला आहे. मधुमेहाच्या रुग्णाला जे हवं असतं त्याला निराळं नाव हवं, आणि ते लोकांच्या तोंडी आहेही : पडदा. 'पडदा सरकला', 'पडद्याला सूज आली' असं गावोगावी बोलतात. चिठ्ठीवर 'थेंब टाकून पडदा तपासणे' असं लिहिलं असतं, तर चष्म्याच्या दुकानदारानेच त्यांना पुढे पाठवलं असतं.

दुसरा कागद सहा वर्षांपूर्वीच्या एका शिबिराचा. टॉर्च मारून पाहिलं, शेरा : 'मोतीबिंदू नाही.' शिबिर मोतीबिंदूचंच होतं, शेरा खराच होता. पण दादांनी तो घरी नेला 'डोळ्यात काही नाही' असा. तिसरा कागद लायसन्सच्या नूतनीकरणासाठीचा वैद्यकीय दाखला. दृष्टी : दोन्ही डोळे ६/६. तोही खरा.

चौथा कागद आमच्याच दवाखान्याचा निघाला. चार वर्षांपूर्वी मळणीच्या दिवसांत उजव्या डोळ्यात कुसळ गेलं म्हणून ते आले होते. अक्षर माझं. 'कुसळ काढले. मलम तीन दिवस.' साखरेबद्दल एक शब्द नाही. मी विचारलंच नव्हतं. माझ्यासमोर सात वर्षांचा मधुमेही बसला होता, दिव्याच्या यंत्रात त्याचा डोळा माझ्या डोळ्यासमोर होता, आणि मी बुबुळावरचं कुसळ काढून त्याला घरी पाठवलं. त्या दिवशी थेंब टाकले असते तर बहुधा काही लाल ठिपके आणि थोडा पाझर दिसला असता, जो साखर आणि रक्तदाब आवरून थोपवता आला असता. तो कागद मी त्यांना दाखवला आणि माझी चूक सांगितली. ते म्हणाले, "तुम्ही थेंब टाकले असते तर मी थांबलो नसतो, मॅडम. गाडी भरायची असणार." त्यांचा मोठेपणा. पण ती अडचणही खरी आहे. थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो, गाडी चालवता येत नाही. रोजावर पोट असलेल्या माणसासाठी पडद्याची तपासणी म्हणजे एक खाडा.

अकरा वर्षांत चार वेळा कुणी ना कुणी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. बाहुलीच्या आत एकदाही नाही.

आता त्यांच्यात धोका वाढवणारं काय काय होतं ते पाहू, कारण ते सगळं त्या पिशवीत लिहिलेलं होतं. पहिली गोष्ट काळ. मधुमेह जितका जुना तितकी पडदा बिघडण्याची शक्यता जास्त. यावर इलाज नाही, पण तारखा मोजता येतात. दुसरी साखर. ते दर दोन-तीन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर तपासत, तीही तपासणीच्या आधी चार दिवस पथ्य पाळून. आकडे १३०, १४० असे बरे दिसत. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, पिशवीत एकच होती, पाच वर्षांपूर्वीची. आम्ही केली ती १०.२ टक्के निघाली. रात्रभर गाडी, पहाटे वडापाव आणि तीन-चार कप गोड चहा, दिवसा झोप, गोळ्या कधी सकाळच्या संध्याकाळी. याला बेफिकिरी म्हणणं मला जमत नाही. त्या धंद्याचं वेळापत्रकच तसं आहे.

तिसरी गोष्ट रक्तदाब, आणि इथे मला जास्त थांबायचं आहे, कारण मधुमेही माणूस साखरेची काळजी करता करता याला विसरतो. त्यांचा त्या दिवशीचा रक्तदाब १६४/९८. जुन्या कागदांवर १५०, १५६ असे आकडे दोन-तीन ठिकाणी होते. औषध एकदा सुरू झालं आणि संपल्यावर पुन्हा घेतलंच नाही. यूकेपीडीएसमध्येच दोन गट होते : एकाचा रक्तदाब सरासरी १४४/८२ राखला, दुसऱ्याचा १५४/८७. फरक उणापुरा दहा पाऱ्यांचा. तेवढ्याने पडद्याचा आजार पुढे सरकण्याची जोखीम ३४ टक्क्यांनी आणि दृष्टी लक्षणीय घसरण्याची जोखीम ४७ टक्क्यांनी कमी झाली. जुन्या नळीत पंपाचा दाब वाढवला तर काय होईल, हे दादांना मला सांगावं लागलं नाही.

चौथी खूण वहिनींनी सांगितली. "यांच्या लघवीला फेस येतो." लघवीत प्रथिनं सापडली, आणि मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.५, म्हणजे वाढलेलं. मूत्रपिंडाच्या आणि पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या एकाच आजाराने बिघडतात. एक बिघडलं की दुसरं पाहायलाच हवं. हिमोग्लोबिनही कमी होतं, म्हणजे आधीच तहानलेल्या पडद्याला प्राणवायू आणखी कमी. एक जास्तीची गोष्ट इथेच सांगून टाकते : आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा पाहून घ्यावा, कारण गरोदरपणात हा आजार वेगाने पुढे सरकू शकतो.

उपचारांत उजव्या डोळ्याला पहिला मान दिला. रुग्णाला उलटं वाटतं. ज्याने दिसत नाही तो डोळा आधी करा असा आग्रह असतो. पण वाचवायला सगळं शिल्लक होतं ते उजव्यात. त्याच आठवड्यात लेसर सुरू केला, तीन बैठकांत सुमारे १,५०० ठिपके. लेसर मधल्या वाचनाच्या भागाला हात लावत नाही. कडेच्या तहानलेल्या पडद्यावर ठिपके मारतो, म्हणजे त्याची प्राणवायूची मागणी घटते आणि नव्या वाहिन्या सुकतात. हा उपाय जुना आणि खात्रीचा आहे. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने १९७६ मध्येच दाखवून दिलं होतं की यामुळे दृष्टी गंभीरपणे जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. डाव्या डोळ्यात इंजेक्शन दिलं, रक्त निवळत गेलं तसा तिथेही लेसर केला. मधल्या भागात सूज होती, म्हणून इंजेक्शनं पुढेही दर महिन्याला द्यावी लागली.

मधुमेहाच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू करायचं ठरवलं, तेव्हा दादांचा चेहरा उतरला. "इन्सुलिन लावलं की डोळे जातात म्हणतात. आमच्या आळीतल्या एकाचे गेले." हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचं सविस्तर उत्तर द्यायलाच हवं. बऱ्याचदा इन्सुलिन सुरू होतं तेच दहा-बारा वर्षं साखर चढी राहिल्यावर. पडदा तोवर बिघडलेला असतो, आणि दोष शेवटी आलेल्या औषधावर जातो. यात एक कण सत्याचाही आहे, तो लपवू नये. फार चढलेली साखर झपाट्याने खाली आली तर पहिल्या काही महिन्यांत पडदा तात्पुरता बिघडू शकतो. साखर आणि वजन दोन्ही उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइडच्या २०१६ च्या चाचणीतही असं काहीसं दिसलं होतं : पडद्याची गुंतागुंत ३ टक्के लोकांत, औषध नसलेल्या गटात १.८ टक्के. म्हणून असं औषध सुरू करण्याआधी पडदा पाहावा, गरज असेल तर लेसर आधी उरकावा. औषध टाळू मात्र नये. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या अभ्यासात टाइप १ च्या रुग्णांची साखर इन्सुलिनने काटेकोर राखली, तेव्हा पडद्याचा आजार नव्याने होण्याची जोखीम ७६ टक्क्यांनी घटली. सुरुवातीचे काही महिने थोडं मागे गेलेले लोकसुद्धा पुढे फायद्यातच राहिले. मी आणि मधुमेहाचे डॉक्टर फोनवर बोललो, लेसर आणि इन्सुलिन यांचं वेळापत्रक जुळवलं. तेवढा एक फोन पुरला.

वर्षभराने हिशेब असा : उजवा डोळा ६/६, नव्या वाहिन्या आक्रसून गेलेल्या. डावा ६/१८. एचबीए१सी ७.४, रक्तदाब १३०च्या आसपास. दोन्ही डोळे हाती राहिले. पण लेसरची किंमत पडतेच. कडेचा पडदा खर्ची पडला, त्यामुळे अंधारात दिसणं आणि बाजूचं दिसणं दोन्ही कमी झालं. समोरून गाडीचे दिवे आले की त्यांना पुढचा रस्ता काही क्षण सापडत नाही. रात्रीचा माळशेज त्यांनी सोडला. आता दिवसा, तालुक्यापुरती भाडी मारतात. कमाई घटली, धाकट्या मुलाने शिक्षणाबरोबर काम धरलं. चार वर्षांपूर्वी पडदा पाहिला असता तर बहुधा लेसरची वेळच आली नसती, आणि हा माणूस आजही रात्रीची गाडी चालवत असता. वाचलेल्या डोळ्यांचा आनंद मला आहेच, पण हे शल्य त्याखाली दबत नाही.

असे किती जण असतील? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीने देशातल्या मधुमेहींचा अंदाज १०.१ कोटी दिला. २०२२ मधल्या दुसऱ्या देशव्यापी पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्क्यांच्या पडद्यावर आजार होता, आणि ४ टक्क्यांचा आजार दृष्टी घेण्याच्या पायरीवर पोचलेला. एवढ्यांचे पडदे पाहायला डोळ्यांचे डॉक्टर पुरणार नाहीत, हे उघड आहे. पुरायची गरजही नाही. इंग्लंडमध्ये २००३ पासून मधुमेहींना बोलावून पडद्याचे फोटो काढायचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. फोटो प्रशिक्षित तंत्रज्ञ काढतात. २०१४ मध्ये जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये कामकऱ्या वयातल्या अंधत्वाच्या कारणांत मधुमेह निदान पन्नास वर्षांत प्रथमच पहिल्या क्रमांकावरून खाली आला होता. आपल्याकडेही वाट सापडते आहे. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने मधुमेहींच्या पडद्याचे फोटो काढून, इंटरनेटविना, मोबाइलमधल्याच संगणकीय प्रणालीने ते तपासून पाहण्याचा अभ्यास झाला. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही कॅमेऱ्यांना थेंबही लागत नाहीत. मोतीबिंदू दाट असेल किंवा बाहुली फार लहान असेल तर फोटो धूसर येतो, तेव्हा थेंब टाकावेच लागतात. पण साखर तपासायला माणूस जिथे जातो तिथेच फोटो निघाला, तर त्याचा खाडा पडत नाही.

आमच्या छोट्या दवाखान्यापुरतं सांगते. केसपेपरवर आता एक रबरी शिक्का असतो : 'मधुमेह : किती वर्षे? पडदा शेवटचा कधी पाहिला?' कुसळ काढायला आलेल्यालाही तो चुकत नाही. गावातल्या डॉक्टरांना भेटून विनंती केली की चिठ्ठीवर 'आय चेकअप' ऐवजी 'थेंब टाकून पडदा तपासणे' असं मराठीत लिहा. चष्म्याच्या दुकानांत तीच ओळ लिहिलेला कागद चिकटवला आहे.

आणि वहिनी. त्या पहिल्या दिवशी दादांच्या डोळ्यांत थेंब पडत असताना त्या बाजूच्या बाकावर बसल्या होत्या. शिक्क्याची कल्पना अजून सुचायची होती, पण टेबलावरचा माझ्याच अक्षरातला कागद नजरेसमोर होता. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला साखर आहे का?"

"आहे की दोन वर्षं. पण माझी बॉर्डरवर आहे. आणि मला चांगलं दिसतं, मी सुईत दोरा ओवते."

गाडी त्यांना चालवायची नव्हती, मुलगा न्यायला येणार होता. त्यांच्याही डोळ्यांत थेंब टाकले. दोन्ही डोळे ६/६. उजवा पडदा स्वच्छ. डाव्यावर मध्यापासून थोडं दूर तीन लाल ठिपके, टाचणीने टोचल्याएवढे. सर्वांत पहिली पायरी. फोटो काढून ठेवला. डोळ्याला कसलाही उपचार दिला नाही, लागतही नव्हता. एचबीए१सी ७.९ होती, ती उतरवायला त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली आणि वर्षाची तारीख दिली. त्यांनी ती घरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवली.

बरोबर वर्षाने दोघं मिळून आले. वहिनींची एचबीए१सी ६.८ झाली होती. जुना फोटो आणि नवा फोटो मी संगणकाच्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. दादा खुर्ची पुढे ओढून, उजव्या डोळ्याने, ठिपके मोजू लागले. डावीकडच्या फोटोत तीन. उजवीकडच्यात एक.

"पुढची तारीख?" वहिनींनी विचारलं, आणि पर्समधून पेन काढलं.